दहा नियम आणि टॉम विल्स

२०२० च्या डिसेंबरात मी दहावीला होतो. शाळा ऑनलाइन, म्हणजे मोबाईल समोर आणि लक्ष टीव्हीकडे. ॲडलेडला आपली टीम ३६ धावांत गुंडाळली गेली होती, कोहली घरी परतला होता आणि मेलबर्नच्या टेस्टला कप्तान होता आपला संगमनेरकडचा अजिंक्य रहाणे. त्याने ११२ काढल्या, आपण आठ विकेटने जिंकलो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मॅच संपल्यावर त्याला जे मेडल दिलं गेलं ते कुणाच्या नावाचं होतं? मी आमच्या सी ब्लॉकमध्ये विचारून पाहिलं. ज्यांना प्रत्येक आयपीएल लिलावाचे आकडे तोंडपाठ आहेत, त्यांनाही सांगता आलं नाही. जॉनी मुलाग मेडल. ते पहिल्यांदाच दिलं जात होतं आणि पहिला मानकरी आपला रहाणे.

हा मुलाग ऑस्ट्रेलियाचा मूळ रहिवासी. १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या मूळ रहिवाशांच्या क्रिकेट टीममधला सगळ्यात भारी खेळाडू. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६६ मध्ये, तो त्याच मेलबर्नच्या ग्राउंडवर त्याच बॉक्सिंग डेला खेळला, तेव्हा त्या टीमचा कोच आणि कप्तान होता एक गोरा माणूस. टॉम विल्स. ह्या लेखाचा हिरो तो. हिरो म्हणावं की नाही ह्यावर माझं स्वतःशीच भांडण चालू आहे, ते पुढे येईलच.

तर मला हा माणूस सापडला कसा? माझा आत्तेभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, जिलाँग नावाच्या गावात नोकरीला आहे. मेलबर्नपासून तासाभराच्या अंतरावरचं समुद्रकाठचं गाव. तिथे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधल्यांनी त्याला मॅचला नेलं आणि तो जो बाटला तो बाटलाच. मग त्याने मला बाटवलं. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लोकरीचा मफलर त्याने पाठवला. आपल्याकडच्या उकाड्यात तो घालायची सोय नाही, म्हणून तो माझ्या कॉटच्या डोक्याशी टांगलेला असतो. रेक्टर सरांनी एकदा विचारलं की हे कुठल्या पक्षाचं. मी म्हटलं, सर, जिलाँगचं. सर काही न बोलता पुढच्या रूमकडे वळले.

खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिथले लोक त्याला नुसतं फुटी म्हणतात. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. बॉलही लंबगोल. एका बाजूला १८ माणसं. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोनांतून लाथेने बॉल गेला तर गोल, ६ गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी १ गुण मिळतोच. ग्रेस मार्कची ही कल्पना इंजिनिअरिंगच्या पोराला लगेच पटते. ऑफसाइड नाही. बॉल घेऊन पळता येतं, पण १५ मीटरच्या आत एकदा तो जमिनीवर टप्पा द्यावा लागतो किंवा जमिनीला टेकवावा लागतो. लंबगोल बॉलचा टप्पा सरळ हातात परत येणं ह्यात किती फिजिक्स आहे ते तुम्हीच पाहा. बॉल फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. आणि कुणी लाथाडलेला बॉल हवेत झेलला की खेळ क्षणभर थांबतो, झेलणाऱ्याला निवांत किक मिळते. त्याला मार्क म्हणतात. समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढून घेतलेले मार्क एकदा यूट्यूबवर पाहा, सबमिशनची रात्र वाया गेली तर मला दोष देऊ नका.

मी चाहता आहे, त्यामुळे मत आहे, आणि मत आहे त्यामुळे राग आहे. ह्या खेळाच्या मंडळाला नियम बदलायचा रोगच जडलेला आहे. खेळाडू बदली करण्यावर मर्यादा आली, आधी १२०, मग ९०, मग ७५. २०१९ मध्ये ठरलं की मधल्या वर्तुळातून खेळ सुरू होताना प्रत्येक टीमची सहा माणसं पुढे, सहा मध्ये आणि सहा मागे असलीच पाहिजेत. २०२१ मध्ये आलं की मार्क घेणाऱ्याच्या समोर उभ्या राहिलेल्याने पुतळ्यासारखं उभं राहायचं, बाजूला सरकला तर ५० मीटरचा दंड. आणि २०२५ च्या शेवटी जाहीर झालं की पंच मध्यभागी बॉल जोरात आपटून उडवतो ती जुनी पद्धत २०२६ पासून बंद, आता नुसता वर फेकायचा. दादा म्हणतो बरं झालं, टप्पा वाकडा पडून उगाच वेळ जायचा. मी म्हणतो वाकडा पडायचा हीच तर मजा! मोबाईलवर आमचं ह्यावर दीड तास भांडण झालं. आत्याने शेवटी दोघांनाही फोन ठेवायला सांगितला.

त्या भांडणात दादाने एक वाक्य टाकलं, की मूळ नियम फक्त दहा होते आणि ते एका हॉटेलात बसून चार जणांनी लिहिले. ते दहा नियम शोधायला गेलो आणि टॉम विल्सपाशी पोचलो. कंट्रोल सिस्टिमच्या मिड-सेमच्या आदल्या रात्री. असो.

टॉमचा जन्म १९ ऑगस्ट १८३५ चा, न्यू साउथ वेल्समधला. आजोबा वाटमारीच्या गुन्ह्यात इंग्लंडहून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी. बाप होरॅशिओ मात्र मोठा मेंढपाळ जमीनदार झाला. टॉम पाच वर्षांचा असताना कुटुंब गाडे-मेंढरं घेऊन आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात, ग्रॅम्पियन्स डोंगरांजवळ येऊन राहिलं. ती जमीन जाब वुरुंग लोकांची. आसपास दुसरी गोरी पोरं जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे टॉम वाढला तो त्या लोकांच्या पोरांत. त्यांची भाषा तो बोलायचा, त्यांची गाणी म्हणायचा, त्यांच्यासारखा नाचायचा.

चौदाव्या वर्षी बापाने त्याला जहाजात बसवून इंग्लंडला पाठवलं, रग्बी शाळेत. हो, तीच शाळा, जिच्यावरून त्या खेळाला नाव पडलं. आपल्याकडे पोराला कोटाला पाठवतात तसंच हे, फक्त जहाजाला काही महिने लागायचे आणि दिवाळीला घरी येता यायचं नाही. बापाची इच्छा पोराने वकील व्हावं. पोराने काय केलं तर शाळेच्या क्रिकेट टीमचा कप्तान झाला, शाळेच्या फुटबॉलमध्येही नाव काढलं. अभ्यासाचं विचारू नका. १८५६ साली तर केंब्रिज विद्यापीठाकडून ऑक्सफर्डविरुद्ध तो खेळला, आणि केंब्रिजमध्ये त्याने एक दिवसही शिक्षण घेतलेलं नव्हतं! त्यांना एक माणूस कमी पडला, हा उपलब्ध होता. प्रॉक्सीचा इतिहास आपल्या कॉलेजपेक्षा जुना आहे हे ह्यातून लक्षात यावं.

१८५६ च्या डिसेंबरात तो परत आला तेव्हा मेलबर्न सोन्याच्या खाणींमुळे फुगलेलं शहर होतं. इंग्लंडमध्ये शिकलेला, देखणा, बॅट आणि बॉल दोन्हीत अव्वल, असा एकवीस वर्षांचा पोरगा. व्हिक्टोरियाच्या टीमचा तो कप्तान झाला. मेलबर्न क्रिकेट क्लबाचा सेक्रेटरीही झाला आणि तिथे त्याने कागदपत्रांचा असा घोळ घातला की क्लब पुढे कित्येक दिवस निस्तरत बसला. कारकुनी हा त्याचा प्रांत नव्हता. भांडकुदळ, कुणाचं न ऐकणारा, पण ग्राउंडवर उतरला की लोक बघत राहायचे.

आता मुख्य गोष्ट. १० जुलै १८५८ च्या एका क्रीडा साप्ताहिकात त्याचं पत्र छापून आलं. मुद्दा साधा होता. क्रिकेटवाले हिवाळ्यात आळशी होऊन सुटतात, त्यांनी फुटबॉल क्लब काढावा, त्यासाठी एक समिती नेमून नियम करावेत, आणि फुटबॉल जमत नसेल तर निदान नेमबाजीचा क्लब तरी काढावा. बस्स. एक खेळ जन्माला घालायचा विचार त्यात दिसत नाही. फिटनेससाठी लिहिलेलं पत्र आहे ते.

महिन्याभरात, ७ ऑगस्टला, दोन शाळांची मॅच झाली. स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर. एका बाजूला ४० पोरं! पंच दोन, एक विल्स आणि दुसरे डॉक्टर जॉन मॅकॅडम, ज्यांच्यावरून मॅकडेमिया ह्या दाण्याला नाव पडलं. पहिल्या दिवशी दोघांचा एकेक गोल झाला, अंधार पडला. मग आणखी दोन शनिवारी पुढे खेळले, तरी निकाल नाही. शेवटी बरोबरी. ह्या मॅचचा पुतळा मेलबर्नच्या ग्राउंडबाहेर उभा आहे, विल्स पंच म्हणून मध्ये आणि दोन पोरं बॉलसाठी झेपावलेली. दादाने तिथला फोटो पाठवलाय. रहाणेच्या मॅचला गेलेले लोकही त्याच पुतळ्यापुढून आत गेले असणार.

नियम मात्र पुढच्या वर्षी ठरले. १७ मे १८५९, परेड हॉटेल. बसलेले चौघे: विल्स, हॅमर्सली, थॉम्पसन आणि स्मिथ. हॅमर्सली आणि थॉम्पसन केंब्रिजला शिकलेले आणि वर्तमानपत्रात लिहिणारे, स्मिथ आयर्लंडहून आलेला मास्तर. विल्सला रग्बी शाळेचे नियम हवे होते. बाकीच्यांनी ते वाचले आणि त्यांना हसू आलं, कारण कुणाला नीट कळेनात. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट होती. इंग्लंडची हिरवळ मऊ, मेलबर्नची जमीन कडक. आणि खेळणारे शाळकरी पोरं नव्हते, दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे बाप्ये होते. रग्बीत नडगीवर लाथ मारायची मुभा होती, ती इथे काढून टाकली. पाडायला आणि ढकलायला हरकत नाही, लाथ नको.

एकूण दहा नियम, आपल्या जर्नलच्या एका पानावर मावतील एवढे. मैदान केवढं, गोलचे खांब किती अंतरावर, हे दोन्ही कप्तानांनी ठरवावं. बॉल जमिनीवरून हाताने उचलायचा नाही. लाथेने आलेला झेलला तर मार्क. आणि दहावा, शेवटचा: बॉल कधीही फेकायचा नाही. ऑफसाइडबद्दल अवाक्षर नाही. त्या वेळी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा जन्मही व्हायचा होता, तो झाला १८६३ मध्ये.

मला हे फार आवडतं. आम्ही इंजिनिअर लोक स्पेसिफिकेशन लिहायला बसलो की चाळीस पानं करतो. ह्यांनी जे लिहिलं नाही त्यातूनच खेळ घडला. ऑफसाइड नाही म्हटल्यावर माणसं मैदानभर पसरली. जमीन कडक म्हणून बॉल हवेत ठेवायची सवय लागली. आमच्या सी ब्लॉकच्या लॉबी क्रिकेटचे नियमही असेच आहेत, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेले. वन टिप वन हँड आउट. ट्यूबलाइटला लागला तर आउट आणि वर ट्यूबलाइट. मेसच्या मावशींच्या अंगावर गेला तर त्या दिवसाचा खेळ बंद. दर बॅच एखादा नियम पुसते, एखादा वाढवते. ज्यांनी पहिला नियम लिहिला त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

मेलबर्न क्लब त्याच मे महिन्यात निघाला आणि जिलाँगचा क्लब १८५९ मध्येच. आजच्या १८ क्लबांमधले हे दोन सगळ्यात म्हातारे. विल्स पुढे बरीच वर्षं आमच्या जिलाँगकडून खेळला (आमच्या म्हणतो, हसू नका). आणि जो माणूस नियम लिहायला बसला होता तोच ते वाकवण्यात सगळ्यात पुढे होता. १८६० मध्ये रिचमंडचा कप्तान असताना त्याने आपली माणसं गोलच्या दिशेने पुढे-पुढे पेरून ठेवली आणि छोट्या छोट्या किकने बॉल पुढे सरकवला. ऑफसाइड नाही ना, मग अडवणार कोण? बॉल घेऊन पळायला मुभा नव्हती, तरी विल्स आणि त्याचा आत्तेभाऊ हॅरिसन खुशाल पळायचे. शेवटी १८६६ मध्ये नियम नव्याने केले तेव्हा पळणं मान्यच करून टाकलं, पण पाच-सहा यार्डांनी एकदा टप्पा द्यायचा ही अट घातली. म्हणजे आज जे ह्या खेळाचं सौंदर्य मानतात ते मुळात एका नियमभंगावर काढलेली तडजोड आहे. १८७२ च्या एका मॅचमध्ये तर त्याने कहर केला. वाऱ्याच्या बाजूने खेळून जिलाँगने आघाडी घेतली आणि वारा विरुद्ध झाल्यावर विल्सने सगळी टीम मागे नेऊन गोलपुढे गर्दी करून उभी केली. समोरच्या बॅलरॅटवाल्यांनी आणि प्रेक्षकांनी शिव्याशाप दिले. २०१९ चा तो सहा-सहा-सहाचा नियम अशा गर्दीवरचाच इलाज आहे. जवळजवळ दीडशे वर्षं उशिरा.

हे वाचल्यावर दादापुढे माझी बाजू लंगडी झाली, कबूल करतो. ज्याला मी मूळ आणि शुद्ध खेळ समजत होतो तो पहिल्या दिवसापासून दर सीझनला बदलत होता. तरीही तो टप्पा बंद करायला नको होता, हे माझं मत कायम आहे.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो.

१८६१ साली बापाने ठरवलं की उत्तरेला क्वीन्सलंडमध्ये नवी जमीन घ्यायची. टॉमने क्रिकेट सोडलं आणि बापाबरोबर निघाला. आठ-नऊ महिन्यांचा प्रवास, हजारो मेंढरं, बायका-पोरांसकट माणसं. स्प्रिंगशुअरजवळ कलिन-ला-रिंगो नावाच्या जागी तळ पडला. ही जमीन गायिरी लोकांची. थोड्याच दिवसांपूर्वी शेजारच्या एका गोऱ्या जमीनदाराच्या माणसांनी जनावरं चोरल्याच्या संशयावरून काही गायिरींना गोळ्या घातल्या होत्या. १७ ऑक्टोबर १८६१ च्या दुपारी गायिरींनी विल्सच्या तळावर हल्ला केला आणि १९ जणांना मारलं, त्यात होरॅशिओही होता. टॉम सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. परत आला तेव्हा त्याने जे पाहिलं ते आपण कल्पनेनेही उभं करू नये. तो २६ वर्षांचा होता.

त्यानंतर गोऱ्यांनी आणि सरकारी देशी पोलिसांनी बदला घेतला. त्यात शेकडो गायिरी मारले गेले असं इतिहासकार मानतात. टॉमच्या त्या वेळच्या पत्रांत सूडाची भाषा आहे, हे पक्कं आहे. तो स्वतः त्या हत्याकांडात गेला का? बराच काळ लोक नाही म्हणत होते. २०२१ मध्ये १८९५ च्या एका शिकागोच्या वर्तमानपत्रातला मजकूर पुढे आला, त्यात तो सामील होता असं म्हटलंय. काही अभ्यासक ते खरं मानतात, काहींना त्या मजकुरातल्या चुका दिसतात. पुतळ्याचं काय करायचं, अशी चर्चाही त्यानंतर झाली.

आणि पाचच वर्षांनी, १८६६ मध्ये, हाच माणूस मूळ रहिवाशांच्या टीमचा कोच होतो! लहानपणच्या त्या भाषेमुळे त्यांच्याशी त्याचं जुळलं असं सांगतात. बॉक्सिंग डेला मेलबर्नच्या ग्राउंडवर दहा हजारांहून जास्त लोक जमले. मॅच हरले, पण मुलाग आणि कझन्स ह्यांचं नाव झालं. ज्याच्या बापाला मूळ रहिवाशांनी मारलं तो त्यांच्याबरोबर एका तंबूत बसतो, हे त्या वेळच्या मेलबर्नलाही कळलं नसणार. मलाही नीट कळत नाही. कुणी म्हणतं हे प्रायश्चित्त होतं, कुणी म्हणतं त्याला पैशाची गरज होती. मला वाटतं त्याला लहानपणीची सोबत हवी होती, पण हे माझं वाटणं, ह्याला पुरावा नाही. पुढे त्या दौऱ्याच्या व्यवस्थापकाने पैशाचा घोटाळा केला, सिडनीत सगळं विस्कटलं, टीममधले काही जण आजारपणात गेले. १८६८ मध्ये टीम इंग्लंडला गेली तेव्हा कप्तान लॉरेन्स होता. विल्सला कुणी नेलं नाही. ४७ मॅच झाल्या, १४ जिंकल्या, १४ हरल्या, १९ अनिर्णित. रहाणेला दिलेलं मेडल त्या टीमच्या पट्ट्याच्या बकलासारखं बनवलेलं आहे.

आणखी एक वाद आहे. जाब वुरुंग आणि आसपासच्या लोकांत मार्नग्रूक नावाचा खेळ होता. कातड्याचा बॉल लाथेने उंच उडवायचा आणि झेलायचा. टॉम लहानपणी तो खेळला असेल आणि तिथूनच मार्क आला असेल, असं अनेकांना वाटतं. त्याने कुठेही तसं लिहिलेलं नाही. २००८ मध्ये खेळाला १५० वर्षं झाली तेव्हा ह्यावर इतिहासकारांची जोरदार जुंपली. दहा नियम कागदावर कुठून आले ते दाखवता येतं, पोराच्या पायात काय मुरलंय ते दाखवता येत नाही. २०१९ मध्ये ह्या खेळाच्या मंडळाने मूळ रहिवाशांच्या परंपरेशी असलेलं नातं जाहीरपणे मान्य केलं.

क्वीन्सलंडहून परत आल्यापासून त्याला झोप लागायची नाही. तो आधीपासून प्यायचा, आता जास्त प्यायला लागला. ग्राउंडवर मात्र अजून तोच जिंकून द्यायचा, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. ग्रेग डी मूर नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी त्याचं चरित्र लिहिलंय. आज आपण ज्याला आघातानंतरचा मानसिक आजार म्हणतो तो त्याला होता असं त्यांचं मत. १८७२ मध्ये न्यू साउथ वेल्सविरुद्ध पंचाने त्याला बॉल फेकतोय म्हणून नो-बॉल दिला. ऑस्ट्रेलियातल्या प्रथम दर्जाच्या सामन्यांत असा नो-बॉल मिळालेला तो पहिला. बॉल कधीही फेकायचा नाही असा दहावा नियम लिहिणाऱ्यांतला एक हा! पुढे १८७४ मध्ये डब्ल्यू. जी. ग्रेसच्या टीमविरुद्ध खेळायला त्याला एका खाणीच्या गावाने बोलावलं, तिथे दोन्ही डावांत शून्य. ग्रेसची विकेट मात्र त्याने काढली.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे आणि नाव लिहायचं नाही. मी फर्स्ट इयरला आलो तेव्हा आमच्या ब्लॉकमध्ये एक सिनियर होता, डावखुरा फास्ट बॉलर. सेकंड इयरला असताना त्याचे वडील ॲक्सिडेंटमध्ये गेले होते. पंधरा दिवसांत तो परत आला, आल्या आल्या इंटर-कॉलेजमध्ये पाच विकेट काढल्या आणि आम्ही सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो रात्री झोपत नाही हे आम्हाला माहीत होतं. रूममधून बाटल्या निघायच्या हेही माहीत होतं. आम्ही त्यावर जोक करायचो, मीही केलेत. फायनल इयर अर्धं सोडून तो गेला. त्याच्या बॉलिंगबद्दल आम्ही अजून बोलतो. टॉम विल्सबद्दल वाचताना, बॅलरॅटविरुद्धच्या त्या मॅचबद्दल हसताना, मला मध्येच तो आठवला आणि पुस्तक मिटावंसं वाटलं.

शेवटची वर्षं विल्स मेलबर्नच्या बाहेर हायडलबर्गमध्ये राहिला. हाती पैसा नाही, दारूचं कर्ज. सोबत सारा बार्बर नावाची बाई होती, बरीच वर्षं, लग्नाशिवाय, म्हणून घरच्यांनी तिला कधी मान्य केलं नाही. १८८० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला दारू तुटल्यामुळे त्याला भास व्हायला लागले. साराने त्याला हॉस्पिटलात नेलं, तिथून तो पळून आला. दुसऱ्या दिवशी त्याने घरातच जीव दिला. वय ४४. क्लबांनी मोठ्ठी सभा वगैरे काही घेतली नाही. त्याच्या आईने तर पुढे असा मुलगा आपल्याला नव्हताच म्हणून सांगितलं असं म्हणतात. खेळाचा जनक म्हणून बरीच वर्षं नाव घेतलं जायचं ते हॅरिसनचं, आत्तेभावाचं. तो सभ्य होता, नियमात राहणारा होता आणि भरपूर जगला. त्याच्या कामावर मला काही म्हणायचं नाही. पण पुसलं गेलेलं नाव दुसऱ्याचं होतं.

वॉरिंगल स्मशानात त्याच्या जागेवर शंभर वर्षं दगडसुद्धा नव्हता. १९८० मध्ये मेलबर्न क्रिकेट क्लबाने बसवला. ज्यांचे कागद त्याने विस्कटून ठेवले होते, त्यांनीच.

२७ सप्टेंबर २०२५ ला फायनल होती, जिलाँग आणि ब्रिस्बेन. नवरात्रातला शनिवार, आपल्याकडे सकाळचे दहा. रूममध्ये मी, रूममेट आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी. रूममेटला खेळ कळत नाही पण तो माझ्यासाठी ओरडतो. ब्रिस्बेनने आम्हाला ४७ गुणांनी धुतलं. ब्रिस्बेनचा क्लब म्हणजे तरी काय, १९९६ मध्ये मेलबर्नचा जुना फिट्झरॉय क्लब कर्जात बुडाला तेव्हा त्यात विलीन झालेला. फिट्झरॉयचे म्हातारे चाहते अजून जुने रंग घालून येतात. साउथ मेलबर्नवाल्यांचा क्लब तर १९८२ मध्ये उचलून सिडनीला नेला. नियम बदलले तर मी दादाशी भांडतो, क्लबच गेला तर कुणाशी भांडायचं?

मॅच संपल्यावर मी मोबाईल उचलला आणि त्या सिनियरला मेसेज केला. दोन वर्षांनी. काय लिहावं कळेना, म्हणून एका मार्कची क्लिप पाठवली आणि विचारलं, जेवलास का. दिवसभर उत्तर नाही. रात्री साडेअकराला दोन निळ्या खुणा झाल्या. मग त्याचा उलटा मेसेज आला, की हा कुठला खेळ आहे आणि त्या माणसाला फाउल का दिला नाही.

मी त्याला नियम सांगायला सुरुवात केली. पहाटे तीनला आम्ही सहाव्या नियमावर होतो.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन, सी ब्लॉक